जुनी जपानी गाडी : ओळख, पारख आणि पुनर्जन्म

आपल्या जालन्याबद्दल एक जुनी म्हण आहे, 'जालना सोने का पालना'. आजच्या काळात हे सोनं म्हणजे लोखंड! एमआयडीसीतल्या स्टील मिल्समध्ये ट्रकच्या ट्रक भंगार येतं, इंडक्शन फर्नेसमध्ये वितळतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. त्या भंगारात सायकलची फ्रेम असते, पत्र्याची कोठी असते आणि एखाद्या मोटारसायकलची चेसिसही असू शकते. फर्नेसला काय, १६०० डिग्रीच्या आसपास सगळं सारखंच. पण इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला तरी फरक कळला पाहिजे. कारण अंबडच्या किंवा परतूरच्या एखाद्या वाड्यात, कडब्याखाली पडलेली काकांची 'जुनी खटारा' ही किलोच्या भावात घालण्याची वस्तू आहे की जपण्याची, हे ठरवणारा माणूस घरात बहुतेक वेळा आपणच असतो.

दुसरी बाजूही आहे. हॉस्टेलवर आरएक्स-१०० ची क्रेझ काही नवीन नाही. आवाज ऐकला की पोरं गॅलरीत येतात. क्रेझ वाढली की भाव वाढतो आणि भाव वाढला की नकली माल येतो. एका गाडीची आरसी, दुसरीची चेसिस, तिसरीचं इंजिन आणि वर चकचकीत पेंट, अशी गाडी 'फुल ओरिजिनल' म्हणून गळ्यात मारली जाते. म्हणून या लेखात तीन गोष्टी बघू : या गाड्या कोणत्या, त्या खऱ्या आहेत हे ओळखायचं कसं आणि त्या परत चालू करायच्या कशा.

या गाड्या आल्या कुठून?

१९८० पर्यंत आपल्याकडे मोटारसायकल म्हणजे बुलेट, जावा-येझदी आणि राजदूत १७५. यातली राजदूत मूळची पोलंडच्या एसएचएल एम-११ या मॉडेलवरून घेतलेली. गाड्या दणकट होत्या, पण तंत्रज्ञान जुनं होतं. १९८० च्या दशकात सरकारने परदेशी कंपन्यांशी सहकार्याला वाट करून दिली आणि पाच वर्षांत चारही मोठ्या जपानी कंपन्या इथे आल्या.

१९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाच्या परवान्याखाली राजदूत ३५० काढली. हीच ती 'आरडी'. १९८४ मध्ये टीव्हीएसने सुझुकीबरोबर इंड-सुझुकी एएक्स-१०० आणली. १९८५ मध्ये हीरो होंडा सीडी-१०० आली, ती मात्र फोर-स्ट्रोक. १९८५ च्या अखेरीस एस्कॉर्ट्सचीच यामाहा आरएक्स-१०० आली आणि १९८६ मध्ये बजाजने कावासाकीबरोबर केबी-१०० काढली. आपल्या शेजारी वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला तो १९८५ मध्ये, म्हणजे मराठवाड्यात दुचाकीचा धंदा रुजला तोही याच काळात.

यातल्या दोन गाड्यांवर लोकांचा जास्त जीव आहे.

पहिली आरडी. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, एअर-कूल्ड, ३४७ सीसी, सहा गिअर. मूळ जपानी आरडी-३५० सुमारे ३९ हॉर्सपॉवरची होती. इथल्या पेट्रोलच्या भावाचा विचार करून भारतीय गाडीची ताकद कमी केली गेली. सुरुवातीची 'हाय टॉर्क' म्हणजे एचटी सुमारे ३०.५ हॉर्सपॉवरची आणि नंतरची 'लो टॉर्क' म्हणजे एलटी सुमारे २७ ची. पुढची डिस्क ब्रेक काढून ड्रम ब्रेक बसवला गेला. तरीही त्या काळात तिच्याएवढी पळणारी दुसरी गाडी इथे नव्हती. पण पेट्रोल भरपूर पिणारी, स्पेअर महाग आणि चालवणाऱ्यांना इतक्या वेगाची सवय नाही! 'रॅपिड डेथ' असं तिचं टोपणनाव पडलं आणि १९९० च्या आसपास ती बंद झाली.

दुसरी आरएक्स-१००. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, चार गिअर आणि वजन जेमतेम शंभर किलो. हलक्या गाडीत ताकदवान इंजिन, हेच तिचं गुपित. ती १९९६ पर्यंत बनली. पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक मोटारसायकलींचा जमानाच संपला.

दुरुस्ती वेगळी, रिस्टोरेशन वेगळं

गाडी चालू होणं म्हणजे दुरुस्ती. गाडीला अलॉय व्हील, मोठा सायलेन्सर, एलईडी लावणं म्हणजे मॉडिफिकेशन. रिस्टोरेशन म्हणजे गाडी कारखान्यातून ज्या रूपात निघाली त्या रूपात तिला परत नेणं. त्यासाठी ते मूळ रूप काय होतं हे आधी माहीत पाहिजे. म्हणजे पारख आधी आणि पाना नंतर. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. गाडी आणली की पहिल्याच दिवशी पेंटरकडे जाते. जुना रंग घासून टाकला की त्याबरोबर पुरावाही जातो : मूळ शेड, स्टिकरची जागा, कारखान्याच्या खुणा. जुना रंग थोडा फिका, ओरखडलेला असला तरी मूळचा असेल तर जाणकार तो राखायलाच सांगतात. नवा रंग कधीही मारता येतो, जुना परत आणता येत नाही.

पारख कशी करायची?

१. कागद. आरसी बुक हातात घ्या. त्यातला चेसिस नंबर, इंजिन नंबर, बनवल्याचं साल आणि सीसी हे चारही गाडीशी जुळले पाहिजेत. नंबर प्लेटही बोलते. 'एमएच' ही पद्धत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याबरोबर, म्हणजे १९८९ च्या मध्यापासून आली. त्याआधीच्या गाड्यांना तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे असत. म्हणून १९८६ च्या गाडीवर आपला एमएच-२१ नंबर दिसला तर ती लगेच खोटी ठरत नाही, पण तो नंबर नंतर मिळालेला आहे हे नक्की. का मिळाला, त्याचा कागद मागायचा. 'कागद हरवलाय भाऊ, टेन्शन नको घेऊ' असं उत्तर आलं तर टेन्शन घ्यायचंच.

२. नंबर. चेसिस नंबर साधारणपणे हँडलखालच्या नळीवर, म्हणजे स्टिअरिंग हेडवर ठोकलेला असतो आणि इंजिन नंबर क्रँककेसवर. कारखान्याचा ठसा एका ओळीत, एका खोलीचा, सारख्या अंतरावर असतो. हाताने पंच ठोकलेले आकडे वर-खाली, कमी-जास्त खोल होतात. आसपास ग्राइंडरच्या खुणा, भरलेलं वेल्डिंग किंवा फक्त तेवढ्याच जागी जाड रंग दिसला तर सावध व्हायचं.

इथे मटेरियल सायन्सचा एक मस्त भाग येतो. स्टीलवर आकडा ठोकला की फक्त खड्डा पडत नाही. खड्ड्याच्या खालच्या थरातले धातूचे कण दाबले जातात, डिसलोकेशन वाढतात, तो भाग कडक होतो. सेकंड इयरला आपण याला वर्क हार्डनिंग म्हणून पाच मार्कांना लिहितो! चोराने वरचे आकडे घासून टाकले तरी खालचा दाबलेला थर शिल्लक राहतो. फॉरेन्सिक लॅबमध्ये ती जागा आरशासारखी पॉलिश करून त्यावर 'फ्रायज रीएजंट' लावतात. हे क्युप्रिक क्लोराईड आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचं द्रावण. दाबलेला भाग आणि साधा भाग वेगवेगळ्या वेगाने झिजतात आणि पुसलेला आकडा हळूहळू परत दिसायला लागतो. फार खोल घासलं असेल तर मात्र तो थरही गेलेला असतो. हा प्रयोग हॉस्टेलच्या बाथरूममध्ये करायचा नाही, हे सांगायला नकोच. शंका आली तर गाडी घ्यायची नाही, एवढं पुरे. चोरीच्या गाड्यांची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे असते आणि ती तपासण्याची सोयही आहे. ती वापरा. कारण नंबर बदललेली गाडी पकडली गेली तर पैसे जातातच, शिवाय पोलिस स्टेशनच्या पायऱ्या चढायला लागतात.

३. पार्टवरचं लिखाण. सुरुवातीच्या आरडी आणि आरएक्समध्ये बरेच पार्ट थेट जपानहून येत. नंतर ते हळूहळू इथे बनायला लागले. म्हणून कास्टिंगवरची अक्षरं वाचायची. पण नुसतं नाव वाचून हुरळून जायचं नाही. उदाहरणार्थ 'मिकुनी' कार्बोरेटर जपानमध्येही बनत आणि त्याच कंपनीच्या सहकार्याने भारतात युकॅलही बनवत असे. म्हणजे 'मिकुनी आहे, म्हणजे जपानी आहे' हे गणित चुकीचं. कुठे बनला, कोणत्या मॉडेलचा आणि गाडीच्या सालाशी जुळतो का, हे तिन्ही बघायचं. १९८८ च्या गाडीवर १९८५ चा जपानी पार्ट असेल तर तो पार्ट खरा आहे, पण त्या गाडीचा नाही.

एक छोटी खूण सांगतो. जपानी मानकाच्या, म्हणजे जेआयएसच्या, चौफुली खाचेच्या स्क्रूवर खाचेजवळ बारीक ठिपका असतो. इंजिनच्या कव्हरवर असे ठिपक्याचे स्क्रू शिल्लक असतील आणि त्यांच्या खाचा शाबूत असतील, तर इंजिनला फारसे हात लागले नाहीत असा अंदाज करता येतो.

४. माप. सीसी म्हणजे काही जादू नाही, भूमिती आहे. आरएक्सचा बोअर ५० मिमी आणि स्ट्रोक ५० मिमी. सूत्रात घाला : ०.७८५४ × ५ × ५ × ५ = ९८.२ सीसी. आरडीचा बोअर ६४, स्ट्रोक ५४ आणि सिलिंडर दोन : ०.७८५४ × ६.४ × ६.४ × ५.४ × २ = ३४७ सीसी. आता बोअर घासला की वर्कशॉपमध्ये ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकतात, पाव-पाव मिलिमीटरच्या पायरीने. आरएक्सचा बोअर ५१ झाला तर इंजिन १०२ सीसी होतं. एवढं चालण्यासारखं आहे. पण बोअर गेजने ५८ मिमी दाखवला तर? तेच सूत्र १३२ सीसी देतं. म्हणजे आरएक्स-१०० च्या नावाखाली आरएक्स-१३५ चा ब्लॉक बसलाय! बाहेरून कळत नाही, व्हर्निअर आणि बोअर गेज मात्र खोटं बोलत नाहीत. शिवाय आरसीवर ९८ सीसी असताना १३२ सीसी चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे विनापरवानगी बदल ठरतो.

पारख किती बारीक असू शकते याचं जगातलं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे होंडा सीबी-७५०. १९६९ ची ही चार सिलिंडरची गाडी. तिच्या पहिल्या ७,४१४ गाड्यांचे क्रँककेस जरा खडबडीत दिसतात, म्हणून त्यांना 'सँडकास्ट' म्हणतात. गंमत म्हणजे ते वाळूच्या साच्यातले नव्हतेच, धातूच्या कायम साच्यात ओतलेले होते. मागणी वाढल्यावर होंडाने डाय कास्टिंग सुरू केलं आणि पृष्ठभाग गुळगुळीत झाला. आज संग्राहक आधी नंबर बघतात, मग क्रँककेसचा पोत बघतात. दोन्ही जुळलं तरच गाडी 'सँडकास्ट'. म्हणजे फाउंड्रीतला बदल हाच तिथे दाखला आहे!

आता गाडी उघडूया

फोटो आणि पिशव्या. उघडण्याआधी प्रत्येक बाजूचे फोटो काढा. प्रत्येक जागेचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी. कंटाळवाणं काम आहे, पण जोडताना हेच उपयोगी पडतं.

स्क्रू. वर सांगितलेले जपानी स्क्रू आपल्या साध्या स्क्रू ड्रायव्हरने खोलले की खाच गोल होते. कारण साध्या ड्रायव्हरचं टोक खाचेच्या तळाला आधी टेकतं आणि बाजू नीट धरत नाहीत. जेआयएस बिट आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाका आणि निवांत झोपा. जोर लावून तुटलेला स्क्रू काढायला दोन दिवस जातात.

टाकी. टाकीत गंज असतोच. वाळू-खडे घालून हलवण्यापेक्षा इलेक्ट्रोलिसिस चांगला. आधी पेट्रोलचा अंश पूर्णपणे धुऊन काढायचा. मग टाकीत पाणी आणि धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची निगेटिव्ह टाकीला आणि पॉझिटिव्ह आत सोडलेल्या, पण टाकीला कुठेही न टेकणाऱ्या लोखंडी सळईला. (सळई जालन्यात मिळायला अडचण नाही!) गंज सुटत जातो, चांगला पत्रा खात नाही. दोन सूचना : हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर आणि जवळपास ठिणगी नको. आणि सळईऐवजी स्टेनलेस स्टील वापरायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. अ‍ॅल्युमिनिअमचे पार्ट या सोड्यात टाकायचे नाहीत, ते खराब होतात.

इंजिन. फोर-स्ट्रोकवाल्यांना इथे वेगळा विचार करावा लागतो. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण रीड व्हॉल्व्हमधून आधी क्रँककेसमध्ये येतं, पिस्टन खाली येताना तिथे दाबलं जातं आणि मग पोर्टमधून वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणजे क्रँककेस हाच पंप. तो हवाबंद पाहिजे. वीस वर्षं उभ्या असलेल्या गाडीचे क्रँकचे ऑईल सील कडक होऊन चिरलेले असतात. गाडी चालू होते, पण त्या फटीतून जादा हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, तापमान वाढतं. अ‍ॅल्युमिनिअमचा पिस्टन बिडाच्या स्लीव्हच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतो, मधली फट संपते आणि पिस्टन जाम. चालत्या गाडीचं मागचं चाक लॉक होतं, आणि ते कुठे नेऊन टाकेल सांगता येत नाही. म्हणून जुन्या टू-स्ट्रोकमध्ये सील आणि पॅकिंग न बदलता 'फक्त किक मारून बघू' हा मोह टाळायचा. सील शे-दोनशेची गोष्ट, पिस्टन-ब्लॉक हजारोंची आणि आपले हातपाय अनमोल.

तसंच ऑटोल्यूबचं. राजदूत १७५ मध्ये ऑईल पेट्रोलमध्ये मिसळायचे. यामाहात वेगळी टाकी आणि वेगळा पंप. तो थ्रॉटल आणि इंजिनच्या वेगाप्रमाणे ऑईल सोडतो. गाडी उभी राहिली की नळीत हवा भरते. ती हवा काढली नाही तर इंजिनला ऑईल मिळत नाही आणि वर लिहिलेलीच गोष्ट पुन्हा घडते.

रबर आणि आजचं पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. १९८५ च्या रबरी नळ्या आणि वॉशर त्यासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, म्हणून टाकी पुन्हा गंजते. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या टाकायच्या आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामा करायचा. इथे ओरिजिनलचा हट्ट नको. रबर, ब्रेक शू, टायर हे सुरक्षेचे पार्ट आहेत, ते नवेच पाहिजेत.

कायदा काय म्हणतो?

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. जुना रेकॉर्ड आरटीओच्या ऑनलाइन नोंदीत आलाय का हे आधी बघा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावावी लागते, तेव्हाही ही नोंद लागते.

'व्हिंटेज' हा शब्द आपण सहज वापरतो, पण २०२१ पासून त्याला कायद्यात अर्थ आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात मोठा बदल न केलेली गाडीच व्हिंटेज. तिला नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं आणि ती रोजच्या वापराला चालत नाही. हिशोब करा : १९८३ ची पहिली आरडी व्हिंटेज होणार २०३३ मध्ये आणि १९८५ ची आरएक्स २०३५ मध्ये. तोपर्यंत या गाड्या कायद्याच्या भाषेत फक्त 'जुन्या गाड्या'. हाच काळ सगळ्यात धोक्याचा! कारण म्हाताऱ्या, पण मान न मिळालेल्या वस्तूच भंगारात जातात.

शेवटी एवढंच...

प्रत्येक जुनी गाडी वाचवलीच पाहिजे असं नाही. चेसिस गंजून पोखरली असेल, कागद नसतील, नंबर संशयास्पद असेल, तर तिला कायदेशीर रीतीने भंगारात देणं आणि आरटीओत नोंदणी रद्द करून घेणं हेच शहाणपण. नाहीतर तीच आरसी उद्या एखाद्या चोरीच्या गाडीवर चढते. पण कागद नीट, नंबर खरे आणि इंजिन पूर्ण असेल तर भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवण्याआधी एक रविवार तिच्यासाठी द्या. व्हर्निअर घ्या, टॉर्च घ्या, आरसी घ्या आणि वर सांगितलेल्या चार गोष्टी तपासा. थर्मो, मटेरियल सायन्स, मेट्रॉलॉजी, इलेक्ट्रोकेमिस्ट्री, चारही विषयांची रिव्हिजन एकाच गाडीत होते, आणि तीही एटीकेटीच्या भीतीशिवाय!

दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा शेडमध्ये एकदा डोकावून बघा. सळई काय, जालन्यात रोजच बनते.